मालक बदलला, आता रेस सुधारणार का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की मोटोजीपीचा, म्हणजे बाईक रेसिंगच्या सगळ्यात वरच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपचा, मालक बदललाय, तर तुम्हाला काय सुधारलेलं बघायचंय आणि मनात शंका काय आहेत. मेल भरपूर आल्या, बाईकवाल्यांच्या जास्त, फॉर्म्युला वन बघणाऱ्यांच्याही बऱ्याच, आणि जवळजवळ सगळ्यांमध्ये एकच धास्ती दिसली की आता नुसता तामझाम वाढणार आणि रेस आहे तशीच राहणार. सगळ्या मेल छापणं शक्य नाही, त्यातल्या निवडक घेतल्यात.

प्रश्न (ठाणे): सर, हे लिबर्टीवाले नक्की कोण आणि त्यांनी घेतलं काय? आधी कोणाकडे होतं?

आधी डॉर्ना नावाची स्पॅनिश कंपनी होती, १९९२ पासून मोटोजीपीचे सगळे हक्क तिच्याकडे. लिबर्टी मीडिया ही अमेरिकन कंपनी, फॉर्म्युला वन तिच्याकडे जानेवारी २०१७ पासून आहे. एप्रिल २०२४ मध्ये तिने डॉर्ना घ्यायचं जाहीर केलं, मग युरोपियन कमिशनची चौकशी चालली, आणि जुलै २०२५ मध्ये व्यवहार पूर्ण होऊन साधारण ८४ टक्के हिस्सा तिच्याकडे आला. बाकीचा डॉर्नाच्या जुन्या मॅनेजमेंटकडे राहिला आणि कार्मेलो एझपेलेताच प्रमुख राहिले, म्हणजे एका रात्रीत सगळी माणसं बदलली असं काही झालं नाही.

एक जुनी गोष्ट यात लक्षात ठेवण्यासारखी आहे. २००६ मध्ये सीव्हीसी नावाच्या गुंतवणूक कंपनीकडे डॉर्ना होती आणि तिला फॉर्म्युला वनही घ्यायची होती, तेव्हा याच कमिशनने सांगितलं की दोन्ही एका हातात चालणार नाही, आणि डॉर्ना विकायला लावली. यावेळी मात्र परवानगी मिळाली. म्हणून दोन्हीचं टीव्हीचं पॅकेज एकत्र करून दर वाढवतील की काय ही भीती काही उगाच नाहीये.

प्रश्न (दादर): फॉर्म्युला वनमध्ये यांनी खरंच काही सुधारलं का, की नुसती नेटफ्लिक्सवरच्या मालिकेची हवा?

सुधारलं, आणि सगळ्यात मोठी सुधारणा टीव्हीवर दिसत नाही, ती पैशाच्या वाटपात आहे. २०१६ चा सीझन आठवा, मर्सिडीजने २१ पैकी १९ रेस जिंकल्या होत्या. वाटपाची पद्धतच अशी होती की फेरारीसारख्या मोठ्या टीमला निकाल काही लागो, वेगळा बोनस मिळायचा, आणि मागच्या टीम उधारीवर दिवस काढायच्या. लिबर्टीने ताबा घेतला त्याच महिन्यात मॅनॉर नावाची छोटी टीम पैशाअभावी बंद पडली. त्याआधी एचआरटी गेली, केटरहॅम गेली. आपल्या नारायण कार्तिकेयन आणि करुण चंढोकने जी एचआरटी चालवली तीच ही.

मग २०२१ पासून खर्चाला लिमिट आलं, वर्षाला १४.५ कोटी डॉलर, त्यात ड्रायव्हरचे पगार वगैरे धरत नाहीत, पण तरी लिमिट आलं हे महत्त्वाचं. वाटप थोडं समान झालं, आणि विंड टनेलच्या, म्हणजे गाडीवर हवा सोडून तिची चाचणी घेतात त्या बोगद्याच्या, वेळेचा नियम असा केला की जो पहिला येईल त्याला टेस्टिंग कमी आणि जो शेवटचा त्याला जास्त. मॅक्लारेन बघा, २०१७ मध्ये दहा टीममध्ये नववी होती, २०२४ मध्ये चॅम्पियन झाली, टीमचं आधीचं विजेतेपद १९९८ चं. याचं सगळं श्रेय मालकाला द्यायचं का? नाही, नियम एफआयए ही कार रेसिंगची जागतिक संघटना करते आणि टीम स्वतः राबते, पण टेबलावर बसून मोठ्या टीमना कमी घ्यायला लावणं हे काम मालकाचंच होतं आणि ते त्यांनी केलं. जादू झाली असंही नाही, कारण याच लिमिटमध्ये राहून २०२३ मध्ये रेड बुलने २२ पैकी २१ रेस जिंकल्या आणि आपण रविवारची संध्याकाळ दुसरा नंबर कोणाचा हे बघण्यात घालवली. पण आता मागची टीम बंद पडत नाही, उलट आत यायला लोक रांगेत उभे असतात, २०२६ साठी ऑडी आली, कॅडिलॅक ही अकरावी टीम आली.

मोटोजीपीत मला पहिली आशा याचीच आहे. सुझुकीने २०२० मध्ये जोआन मीर या रायडरसोबत वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली आणि दोनच वर्षांनी, करार शिल्लक असताना, दुकान बंद करून निघून गेली. चॅम्पियन कंपनीला जिथे राहावंसं वाटत नाही तिथे हिशोबात काहीतरी चुकतंय, आणि ते आधी बघा असं या नव्या मालकाला कोणीतरी ठणकावून सांगायला पाहिजे.

प्रश्न (भांडुप): बाईक ३६० च्या वर पळतात, मग ओव्हरटेक का होत नाहीत? पूर्वी व्हॅलेंटिनो रॉसीच्या काळात शेवटच्या लॅपपर्यंत मारामारी असायची.

स्पीडचा प्रश्नच नाहीये, इटलीतल्या मुजेलो सर्किटवर २०२३ मध्ये ब्रॅड बाइंडर या रायडरने ताशी ३६६ किलोमीटर गाठलाय. प्रश्न हवेचा आणि पुढच्या टायरचा आहे. आजच्या बाईकला पुढे-मागे-बाजूला विंग आहेत, त्या बाईकला जमिनीला दाबून धरतात. तुम्ही दुसऱ्याच्या मागे चिकटून गेलात की समोरची हवा ढवळलेली आणि गरम येते, विंगचा दाब कमी होतो, पुढचा टायर तापतो, आतलं प्रेशर चढतं, टायर फुगून रस्त्याला कमी टेकतो आणि ब्रेक दाबला की चाक सरकायला लागतं. म्हणजे हल्ला करायचा त्याच जागी हात आखडता घ्यावा लागतो. त्यात बाईक खाली बसवणारं ते राइड हाइट डिव्हाइस, त्यामुळे कॉर्नरमधून सगळेच सारखे सुसाट निघतात आणि ब्रेकिंगची जागा इतकी लहान झालीये की आत घुसायला फट राहत नाही.

उलटाही त्रास आहे. टायर प्रेशर अमुक एका आकड्याच्या खाली गेलं तर पेनल्टी, हा नियम २०२३ पासून लागू केलाय. आता थायलंडची २०२५ ची पहिली रेस आठवा. मार्क मार्केज आरामात पुढे होता आणि एकदम त्याने वेग कमी करून धाकट्या भावाला, ॲलेक्सला, पुढे जाऊ दिलं. बघणाऱ्यांना वाटलं बाईक बिघडली. बिघडली नव्हती, मोकळ्या हवेत टायर थंड राहून प्रेशर कमी पडत होतं, म्हणून तो मुद्दाम भावाच्या मागच्या गरम हवेत जाऊन बसला, बऱ्याच लॅप तसाच राहिला, आकडा भरला आणि शेवटी शेवटी ओव्हरटेक करून जिंकला. डोकं केवढं लावलं याचं कौतुक आहेच, पण जगातल्या सगळ्यात भारी रायडरला टायरच्या हवेसाठी लीड सोडावी लागते ही रेस नाही, आणि असले नियम बदलायलाच पाहिजेत.

चांगली बातमी म्हणजे २०२७ पासून इंजिन १००० वरून ८५० सीसी होतंय, राइड हाइट डिव्हाइस बंद, विंग छोट्या आणि टायर मिशेलिनऐवजी पिरेलीचे. हे नियम मे २०२४ मध्ये आणि पिरेलीचं मार्च २०२५ मध्ये, म्हणजे सगळं लिबर्टीचा ताबा येण्याआधीच ठरलंय, तेव्हा उद्या रेस सुधारली की श्रेय कोणी घ्यायचं ते आत्ताच लिहून ठेवा. मला विचाराल तर विंग अजून कापायला हव्या होत्या.

प्रश्न (परळ): रॉसी रिटायर झाला, आता बघायचं कोणाला?

अहो, मार्केजला बघा ना! २०२० मध्ये स्पेनमधल्या हेरेझला उजवा हात मोडला, त्यावर चार ऑपरेशन झाली, होंडाची टीम सोडली, आणि सहा वर्षांच्या खंडानंतर २०२५ ला जपानमध्ये पुन्हा चॅम्पियन झाला तेव्हा ढसाढसा रडत होता. ही गोष्ट क्रिकेटमध्ये घडली असती तर आपल्याकडे शाळेतल्या पोरांना पाठ असती. इथे मात्र लिबर्टीचा अनुभव कामाला येईल, रायडरला माणूस म्हणून घराघरात पोचवणं त्यांना जमतं. जुन्या मालकांच्या वेळी फॉर्म्युला वनच्या ड्रायव्हरला पॅडॉकमधला, म्हणजे टीमचे तळ असतात त्या भागातला, साधा व्हिडिओ टाकायची बंदी होती, ती यांनी आल्या आल्या सैल केली.

प्रश्न (विलेपार्ले): सगळं लास वेगास करून टाकतील अशी भीती वाटते. तिकिटं परवडतील का?

ही भीती मलाही आहे आणि त्याला कारण आहे. लास वेगासची रेस २०२३ मध्ये सुरू झाली, तिचे आयोजकही फॉर्म्युला वनवालेच. गुरुवारी रात्री पहिलं प्रॅक्टिस सुरू झालं आणि आठ-नऊ मिनिटांत कार्लोस साइन्झ या ड्रायव्हरची फेरारी रस्त्यातल्या एका लोखंडी झाकणावरून गेली, झाकण उखडलं, गाडीचा तळ फाटला, सेशन बंद. मग रस्त्यावरची सगळी झाकणं तपासत बसले, रात्रीचा दीड वाजला, आणि हजारो रुपये मोजून थंडीत बसलेल्या लोकांना स्टँडमधून बाहेर काढलं. दुसरं प्रॅक्टिस अडीच वाजता रिकाम्या स्टँडसमोर झालं. नंतर फक्त त्या एका दिवसाचं तिकीट असलेल्यांना २०० डॉलरचं कूपन दिलं, तेही टोप्या-टीशर्ट घ्यायला. वरून साइन्झलाच रेसच्या सुरुवातीला दहा जागा मागे उभं राहायची पेनल्टी, कारण तुटलेला पार्ट बदलला!

रेस तशी छान झाली हे मान्य करतो. पण लोकांशी वागायची ही रीत मोटोजीपीत आली तर वाईट होईल, कारण मोटोजीपीचा जीव स्वस्त तिकिटावर आहे. फ्रान्समध्ये ल मॉंला २०२५ मध्ये तीन दिवसांत तीन लाखांवर लोक आले, त्यातले कितीतरी स्वतःच्या बाईकवरून, तंबू ठोकून राहणारे. त्यांना हाकलून तिथे महागड्या पाहुण्यांसाठी काचेचे बॉक्स बांधले तर हिशोब वर्षभर चांगला दिसेल आणि पुढच्या दहा वर्षांत स्टँड ओस पडतील. माझी मागणी साधी आहे, प्रत्येक सर्किटवर सर्वसाधारण प्रवेशाचं तिकीट स्वस्त राहील असं मालकाने करारातच लिहून घ्यावं.

प्रश्न (डोंबिवली): माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, त्याला बाईक रेसरच व्हायचंय, ऐकत नाही. आई म्हणून काय करू?

ताई, पहिलं म्हणजे रस्त्यावर नाही. रात्री पाम बीच रोडवर जे चालतं त्याला रेसिंग म्हणत नाहीत, त्यात पोरं जातात. त्याला ट्रॅकवर घेऊन जा, आपल्याकडे त्यासाठी चेन्नई आणि कोइम्बतूर गाठावं लागतं. होंडाचा इंडिया टॅलेंट कप आहे, त्याच्या पुढची पायरी आशियाई पातळीवरची स्पर्धा (पूर्वीचा एशिया टॅलेंट कप). वर्ल्ड चॅम्पियनशिपला आता काही अपवाद सोडले तर किमान वय अठरा केलंय, म्हणजे घाई नाही, शाळा सोडायची तर अजिबात गरज नाही. खर्च मात्र मोठा आहे, कपडे, हेल्मेट, प्रवास, पडला तर दवाखाना. नव्या मालकाने खरोखर भारतात पैसे टाकायचे असतील तर अशा मुलांसाठी मुंबई-पुण्याच्या आसपास एक कायमचा छोटा ट्रॅक आणि दोन चांगले कोच द्यावेत, एका मोठ्या इव्हेंटपेक्षा त्याचा उपयोग जास्त आहे.

प्रश्न (कुर्ला): भारतात रेस परत कधी? आणि मुंबईत होऊ शकते का?

मुंबईत मोटोजीपी होणार नाही, सरळ सांगतो. कार भिंतीवर आपटली तर ड्रायव्हर बहुतेक वेळा चालत बाहेर येतो, बाईकवाल्याला पडल्यावर घसरायला मोकळी जागा आणि खडी लागते, मरीन ड्राइव्हवर ती कुठून आणणार. गर्दीची काळजी नाही, मार्च २०२३ मध्ये बँडस्टँडला जुना ड्रायव्हर डेव्हिड कूलथार्डने रेड बुलची जुनी फॉर्म्युला वन कार पळवली तेव्हा ती नुसती बघायला लोकांनी केवढी गर्दी केली होती.

राहिलं ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. फॉर्म्युला वन तिथे २०११ ते २०१३ तीन वर्षं झाली, तिन्ही वेळा रेड बुलचा सेबॅस्टियन व्हेटेल जिंकला, मग ती गेली, कारण यूपी सरकार तिला खेळ मानेना, करमणूक म्हणून टॅक्स लावला. मोटोजीपी सप्टेंबर २०२३ मध्ये आली, इटलीचा मार्को बेझेकी जिंकला. पण व्हिसा वेळेवर मिळाले नाहीत म्हणून कितीतरी जण उशिरा पोचले, उकाडा इतका की रेस २४ ची २१ लॅप केली, आणि दुसरा आलेला होर्हे मार्टिन रेसनंतर अंगातलं पाणी संपून कोसळला. सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या बाजूला रेस ठेवायची ही कल्पनाच चुकीची होती, जानेवारी-फेब्रुवारी सोडून तिथे दुसरा महिना बघूच नये. पुढच्या वर्षीची रेस पुढे ढकलली आणि मग ती झालीच नाही.

तरी आशा आहे, आणि ती पुण्यातून आहे. कर्जात बुडालेल्या केटीएम या ऑस्ट्रियन बाईक कंपनीला आकुर्डीच्या बजाजने वाचवलं आणि २०२५ मध्ये ताबा घेतला. छोट्या ड्यूक चाकणला बनतात हे आपल्याला माहितीच आहे, पण आता मोटोजीपीत उतरणाऱ्या एका कंपनीचा मालक मराठी मुलखात बसतो आणि जगात सगळ्यात जास्त टू-व्हीलर विकणाऱ्या देशांत आपण वरच्या नंबरला आहोत, एवढं बाजारपेठेचं वजन असताना आपल्याकडे रेस नसावी हे लिबर्टीच्या सेल्सवाल्यांनाही टोचत असणार. फक्त टॅक्स आणि व्हिसा हे आधी लेखी मिटवा, मगच पोस्टर छापा.

प्रश्न (बदलापूर): मराठी कॉमेंट्री मिळेल का?

मिळायला हवी, आणि यात अवघड काहीच नाही. आयपीएलला मराठी कॉमेंट्री आहे, मग याला का नको? युरोपातली रेस आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेपाचला असते, मेगाब्लॉकमुळे सगळे घरातच, याहून चांगली वेळ कुठली? अडचण एवढीच की टायर आणि स्ट्रॅटेजी समजणारा आणि घाईघाईत स्वच्छ मराठी बोलणारा माणूस लागेल. तुमच्यापैकी कोणाला जमत असेल तर एखाद्या जुन्या रेसच्या शेवटच्या पाच लॅपवर आवाज रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा, चांगल्या असतील त्या आम्ही प्रक्षेपण करणाऱ्यांपर्यंत पोचवू.