बाबांच्या ओरडण्यापायी मुलाचं क्रिकेट बंद करावं का?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं डोंबिवलीहून आलेलं पत्र वाचलं. मुलगा आठवीत आहे, गाइल्स शील्ड या मुंबईतल्या आंतरशालेय क्रिकेट स्पर्धेत शाळेच्या संघातून खेळतो. प्रत्येक मॅचला त्याचे बाबा रजा टाकून आझाद मैदानावर येतात, बाउंड्रीवरून सतत सूचना देतात, आणि मागच्या वेळी एलबीडब्ल्यू दिल्यावर ते अंपायरच्या अंगावर धावून गेले. आता मुलगा म्हणतो, "क्रिकेट पुरे, आयआयटी फाउंडेशनचा क्लास लावा." लावू का, असं तुम्ही विचारलंय.

एवढ्यात लावू नका. मुलाला क्रिकेट नकोसं झालंय की बाबांसमोर खेळणं, हे त्याचं त्यालाही अजून उमगलं नसेल. तुम्हीच लिहिलंय, "आऊट झाला की आधी बाबांकडे बघतो, मग पॅड काढायला खूप वेळ लावतो." पॅडचे पट्टे सोडायला अर्धं मिनिट पुरतं. पोरगं वेळ काढतंय, कारण पुढे सीएसएमटीपासून डोंबिवलीपर्यंत, किटबॅग पायाशी घेऊन, तो चेंडू पुन्हा पुन्हा ऐकावा लागणार. मैदानावर अशी मुलं मला नेहमी दिसतात आणि दर वेळी जीव तुटतो.

बाबांना एक गोष्ट जरूर सांगा. चेंडू हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत यायला अर्धा-पाऊण सेकंद लागतो. तेवढ्यात टप्पा ओळखायचा आणि पाय हलवायचा. कोचने नेट्समध्ये मागे जाऊन खेळायला शिकवलंय आणि बाहेरून "पुढे ये, पुढे ये" चाललंय, तर मुलगा अर्ध्यावर अडकतो. पायचीत होतात ती अशीच अडकलेली मुलं.

1984 साली अजित तेंडुलकर आपल्या 11 वर्षांच्या धाकट्या भावाला घेऊन शिवाजी पार्कवर क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांकडे गेले होते. सर समोर उभे, त्यामुळे सचिन बावरला, बॅटच चालेना. अजितने सरांना विनंती केली की निघून गेल्यासारखं करा आणि लांबून बघा. सर झाडाआड गेले, सचिन मोकळा खेळला आणि त्याला प्रवेश मिळाला. घरच्या माणसाने काय करावं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

बाबांवर रागावू नका. बॅटला हजारो रुपये, कोचिंगची फी, बुडालेल्या रजा, आणि मुंबईच्या चौदा वर्षांखालच्या संघात जागा मोजक्या. त्यांचा जीव टांगणीला लागलेला आहे आणि तो तोंडावाटे बाहेर पडतो. पण अंपायरवर धावून जाणं मला मान्य नाही. त्यांनी स्वतः जाऊन, मुलाच्या देखत, त्या अंपायरची माफी मागावी. मुलाच्या मनावरचं अर्धं ओझं तिथेच उतरेल.

आता हा सीझन संपेपर्यंत मॅचला तुम्ही जा, किंवा त्याला संघाबरोबर एकट्याला जाऊ द्या. बाबा आलेच तर तंबूपासून लांब बसावं, तोंडातून एक शब्द नको. खेळाबद्दल बोलायचं ते कोच बोलतील. घरी आल्यावर "किती केल्यास?" विचारू नका, जेवायला वाढा. तो आपणहून सांगू लागला तर ऐका.

अभ्यासाची काळजी आत्ता नको. फाउंडेशन नववीतही सुरू करता येतं. दहावीला खेळाडूंना सवलतीचे गुण असतात, राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत 5 टक्के आरक्षण आहे, पण ही दोन्ही मिळतात ती ठरावीक स्पर्धांतल्या कामगिरीवर. ते डोळ्यांपुढे ठेवून मुलाला दामटू नका. खेळाची गोडी टिकली तर फिजिओथेरपी, कोचिंग, अंपायरिंग, स्कोअरिंग असे पुष्कळ रस्ते पुढे आहेत आणि ते बारावीनंतर बघू.

सीझन संपल्यावरही तो "नको"च म्हणाला, तर निमूटपणे क्लास लावा आणि बॅट विकू नका. तेव्हा मला पत्र मात्र त्याला लिहू द्या, त्याच्या हाताने, तुम्ही दोघांनी न वाचता पाठवलेलं.

आपला,
करिअर मार्गदर्शक