यंत्रमागाच्या घरातून वस्त्रशिक्षणाकडे

प्रश्न : आमच्या घरी यंत्रमागावर टॉवेल विणले जातात. बारावीनंतर मी कम्युनिटी कॉलेजात (स्थानिक उद्योगांना लागणारी कौशल्ये शिकवणाऱ्या महाविद्यालयात) वस्त्र व परिधान यांचा अभ्यासक्रम घ्यावा का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : जरूर घ्यावा. टेरी टॉवेलमध्ये, म्हणजे फासांच्या टॉवेलमध्ये, ताण्याचे (उभ्या धाग्यांचे) दोन संच असतात, एक ताठ व दुसरा सैल, आणि सैल संचातूनच टॉवेलवरचे फास उमटतात, हे तुम्ही लहानपणापासून पाहिले असेल. त्यामागचे गणित, सुताचा नंबर (सूत किती जाड वा बारीक ते) आणि रंगाचा पक्केपणा तेथे शिकता येईल. प्रवेशापूर्वी मात्र कार्यशाळा स्वतः पाहावी, कारण भिंगाखाली एका इंचातील धागे मोजल्याशिवाय कापड कळत नाही. सोलापुरात गणवेश शिवणारे कारखाने पुष्कळ आहेत, म्हणून पॅटर्न (कापड बेतण्याचा नमुना) व कटिंग यांवर अधिक भर द्यावा, असे मला मनापासून वाटते. पुढे पदवीला प्रवेश मिळतो का, हेही लेखी विचारून घ्यावे.