म्युझिक प्लेअरमधली बिघडलेली गाणी परत मिळतात का?

तुम्ही विचारलंय की वडिलांच्या छोट्या म्युझिक प्लेअरमधली काही गाणी अर्ध्यावर थांबतात, काहींची नावं नुसत्या चौकोनांत दिसतात, एक भजन चालू असताना मध्येच भलतंच गाणं सुरू होतं आणि मेमरी कार्ड कॉम्प्युटरला लावलं तर कधी उघडतं, कधी ‘फॉरमॅट करा’ म्हणतं. त्यात डिचोलीच्या घरी केलेली भजनांची रेकॉर्डिंग आहेत आणि ती दुसरीकडे कुठेच नाहीत.

तर आत्ताच्या आत्ता ते कार्ड प्लेअरमधून काढा आणि बाजूला ठेवा. त्यावर नवीन गाणं घालू नका, काही पुसू नका, ‘फॉरमॅट’ला हो म्हणू नका. बहुतेक वेळा गाणं बिघडलेलं नसतं, गाणं कुठे ठेवलंय याची नोंद बिघडलेली असते. कार्डाच्या सुरुवातीला एक तक्ता असतो. कुठल्या फाइलचा कुठला तुकडा कुठे आहे ते त्यात लिहिलेलं असतं. कॉपी चालू असताना वीज गेली किंवा वायर ओढून काढली तर तो तक्ता अर्धवट राहतो. दोन फाइलींच्या नोंदी एकाच तुकड्याकडे बोट दाखवू लागल्या की भजनात दुसरं गाणं घुसतं. म्हणजे तुमच्या कार्डाचा तक्ता गेला असावा, अशी ही खूण आहे. अशा वेळी आपण जे काही नवीन लिहू ते नेमकं भजनाच्या अंगावर जाऊन बसू शकतं.

आता चौकोनांबद्दल. तो बिघाड नसेलही. स्वस्त प्लेअरमध्ये देवनागरी अक्षरांचा फॉन्टच नसतो, त्यामुळे ‘अभंग’ लिहिलेलं असलं तरी तिथे चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात. कॉम्प्युटरवर तेच नाव नीट दिसत असेल तर ती फाइल चिंतेची नाही. कॉम्प्युटरवरही नाव म्हणजे चिन्हांची खिचडी असेल आणि तारीख भलत्याच वर्षाची असेल, तर मात्र तक्त्याचंच दुखणं.

कार्ड कधी उघडतं, कधी नाही, याचं एक साधं कारण आपल्या गोव्यातला पावसाळा असू शकतो. माझं घर फोंड्याला आहे. जून ते सप्टेंबर कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात, मग कार्डाचे ते सोनेरी पट्टे कसे सुटतील? कापसाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ते हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि कार्ड रीडर बदलून बघा. माझ्या दोन ‘मेलेल्या’ कार्डांपैकी एक एवढ्यानेच उघडलं.

मग पुढचं काम म्हणजे अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी प्रतिमा (‘इमेज’ फाइल, फोटो नव्हे) कॉम्प्युटरवर काढणं. नुसत्या फाइली कॉपी करणं वेगळं, कारण फाइली तक्त्याला विचारून कॉपी होतात आणि तक्ताच खोटं बोलतोय. विंडोजवर ‘विन३२ डिस्क इमेजर’मधलं ‘रीड’ हे बटण वापरा (‘राइट’ चुकूनही नको). लिनक्सवर ‘डीडीरेस्क्यू’ उत्तम, कारण वाचता न येणारी जागा ते आधी सोडून पुढे जातं आणि शेवटी तिथे परत येऊन प्रयत्न करतं. कार्ड १६ जीबीचं असेल तर प्रतिमाही १६ जीबीची होईल, तेवढी जागा मोकळी ठेवा. यानंतर कार्ड पाकिटात घालून ठेवून द्या आणि जे काही करायचं ते प्रतिमेवर करा. गाणी कार्डात नसून प्लेअरच्याच मेमरीत असतील तर सेटिंगमध्ये ‘यूएसबी मोड’ बघा. तो ‘एमटीपी’वर असेल तर प्लेअर ड्राइव्ह म्हणून दिसत नाही आणि प्रतिमा काढता येत नाही. ‘एमएससी’ हा पर्याय असेल तर तो निवडा, त्यात प्लेअर साध्या ड्राइव्हसारखा दिसतो.

विंडोजचं ‘चेकडिस्क’ सगळेच सुचवतात. ते तक्ता दुरुस्त करतं, गाणं नाही. शिवाय ते कार्डावरच लिहितं आणि बेवारस तुकडे ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘सीएचके’ फाइली करून टाकतं. प्रतिमा हातात येण्याआधी ते मुळीच चालवू नका.

प्रतिमेवर ‘फोटोरेक’ चालवा. नावावर जाऊ नका, ते ध्वनीच्या फाइलीही शोधतं, आणि फुकट आहे. ते तक्त्याकडे बघतच नाही, एमपी३ किंवा वेव्ह फाइलची ओळखीची सुरुवात शोधत सरळ पुढे जातं. नावं जातात, त्यांच्या जागी नुसते आकडे येतात, पण एमपी३च्या पोटात गायकाचं, अल्बमचं नाव लिहिलेलं असेल तर ते टिकतं. एकदाच भरून ठेवलेल्या कार्डावर फाइली सहसा सलग असतात, म्हणून तिथे यश चांगलं मिळतं. सारखं पुसून पुन्हा भरलेल्या कार्डावर फाइलीचे तुकडे विखुरलेले असतात आणि तिथे अर्धवट गाणी हाती येतात.

मिळालेली एमपी३ खरंच पूर्ण आहे का, याचा अंदाज आकारावरून येतो. १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिट) फाइल मिनिटाला साधारण १ एमबी होते. सहा मिनिटांचं भजन ६ एमबीच्या आसपास असूनही दोन मिनिटांत थांबत असेल तर आवाज आत असण्याची आशा आहे. ‘एचएक्सडी’सारख्या हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ती उघडा. एमपी३ म्हणजे छोट्या छोट्या चौकटींची माळ असते, १२८ केबीपीएसला एकेक चौकट सुमारे ४१८ बाइटची, कानाला सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढी. दर चौकटीची सुरुवात बहुधा ‘एफएफ एफबी’ अशी दिसते. ती जोडी ठरावीक अंतराने दिसत राहिली तर गाणं जिवंत आहे. पानंच्या पानं नुसती शून्यं दिसली तर तो भाग गेला, कुठलंही सॉफ्टवेअर तो परत आणणार नाही. कोणी पैसे घेऊन ‘शंभर टक्के दुरुस्ती’ कबूल करत असेल तर हे लक्षात असू द्या.

मधल्या एकदोन चौकटी फुटल्या असतील तर ‘एमपी३व्हॅल’ त्या काढून माळ पुन्हा सांधतं. ‘फूबार२०००’मध्येही एमपी३ची माळ नव्याने बांधायची सोय आहे. फाइल पुन्हा एमपी३मध्ये ‘कन्व्हर्ट’ करू नका, दर वेळी आवाज थोडा उतरतो.

रेकॉर्डरच्या वेव्ह फायलींबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ते माझ्या घरातलंच आहे. एका चतुर्थीला माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या मांडवीखाली) बसून मोठ्या काकांनी घुमट या मातीच्या तालवाद्यावर आरती धरली होती, शेजारी शामेळ हे दुसरं तालवाद्य आणि झांजा. मी छोटा रेकॉर्डर लावला होता. आरती संपायच्या आतच त्याची बॅटरी संपली. फाइल ११० एमबीची दिसत होती, पण वाजवायला गेलं की लांबी शून्य. पुढच्या चतुर्थीला काका नव्हते.

वेव्हच्या सुरुवातीला साधारण ४४ बाइटचं एक कपाळ असतं. आवाज किती लांब आहे ते त्यात लिहिलेलं असतं आणि माझ्या रेकॉर्डरमध्ये ते ‘स्टॉप’ दाबल्यावरच लिहिलं जायचं. बॅटरी आधीच गेली, आकडा शून्यच राहिला, आवाज मात्र सगळा मागे जागेवर होता. ‘ऑडॅसिटी’त ‘इम्पोर्ट’मध्ये ‘रॉ डेटा’ निवडलं, १६ बिट, स्टिरिओ, ४४१०० (सेकंदाला आवाजाचे नमुने) असे आकडे भरले, आणि सुरुवातीच्या एका टिचकीनंतर काकांचा घुमट वाजला. साधारण साडेदहा मिनिटं. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. नुसता खरखराट आला तर घाबरू नका, बहुतेक बिट किंवा ‘एंडियन’चा (बाइटच्या क्रमाचा) पर्याय चुकलेला असतो, तो बदलून बघा. ताल दुप्पट वेगाने पळत असेल तर मोनो-स्टिरिओची अदलाबदल झालीये.

सगळं बाहेर काढून झाल्यावर ते कार्ड खरं आहे का ते तपासा. मी एका दुकानातून स्वस्तात घेतलेलं ६४ जीबीचं कार्ड प्रत्यक्षात ८ जीबीचं निघालं. अशी कार्डं कॉम्प्युटरला खोटा आकार सांगतात. खरी जागा संपली की पुढची गाणी यादीत दिसतात, पण आत काहीच नसतं. आधीच्या गाण्यांवरही घाला पडू शकतो. विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’, लिनक्स किंवा मॅकवर ‘एफ३’ हे कार्ड भरून पुन्हा वाचून बघतं. रिकाम्या केलेल्या कार्डावरच चालवा. खोटं निघालं तर फेकून द्या. खरं निघालं तर प्लेअरमध्येच ते फॉरमॅट करा आणि वडिलांना त्यांची गाणी परत भरून द्या. भजनांची मूळ रेकॉर्डिंग मात्र कॉम्प्युटरवर आणि आणखी एका डिस्कवर, अशी दोन ठिकाणी ठेवा. प्लेअरमध्ये फक्त प्रत.

‘फॉरमॅट’ला चुकून हो म्हणून झालं असेल तरी ‘क्विक फॉरमॅट’ सहसा तक्ताच पुसतं, गाणी मागे असतात. त्यानंतर काही भरलं नसेल तर वर सांगितलेलं सगळं तेव्हाही लागू आहे.

प्लेअर कुठला, कार्ड किती जीबीचं आणि भजनं वेव्हमध्ये आहेत की एमपी३मध्ये, तेवढं खाली लिहा. प्रतिमा काढताना सॉफ्टवेअर किती टक्क्यांवर अडकतं तेही सांगा, त्यावरून पुढचं सांगता येईल.