गच्चीवरच्या अ‍ॅक्वापोनिक्समध्ये (म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी फिरवून त्यावर मातीविना झाडं वाढवणं) खडीच्या वाफ्यात गांडुळं सोडली तर ती बुडून मरतील का?

नाही मरत, बिनधास्त सोडा. गांडूळ कातडीतून श्वास घेतं, त्यामुळे पाण्यात प्राणवायू विरघळलेला असेल तर ते बुडूनही तग धरतं. शिवाय सायफनच्या वाफ्यात, म्हणजे भरला की नळीतून आपोआप रिकामा होणाऱ्या वाफ्यात, पाणी ओसरलं की दर फेरीला ताजी हवा आत शिरते. माशांची विष्ठा, कुजलेली मुळं ती खातात; खडी लवकर तुंबत नाही आणि झाडांना खनिजं मिळतात.

गांडूळखतवाल्यांकडची लाल, बारीक आयसेनिया फेटिडा घ्या. शेतातली जाड, खोल बिळं करणारी इथे कामाची नाहीत. बादलीत स्वच्छ पाण्यात धुऊन शेण काढा, मगच वाफ्यात ठेवा. इथे कोल्हापुरात माझ्या गच्चीवर ओंजळभर सोडली होती. चार महिन्यांनी पालक उपटला तर मुळांत दोऱ्यासारखी पिल्लं गुंतलेली! फार आनंद झाला.

एप्रिल-मेमध्ये मात्र वाफ्यावर सावली हवीच. ३५ अंशांपुढे ती मरायला लागतात. आणि आजारी माशाला मीठ द्यायचं असेल तर त्याला वेगळ्या टबात काढा. खारं पाणी गांडुळांना सोसत नाही.