पेपरमधला पेशंट आणि खाटेवरचा पेशंट

प्रश्न : मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला आहे. जर्नल क्लबसाठी, म्हणजे शोधनिबंध वाचून चर्चा करायच्या बैठकीसाठी, पेपर घेते, गोषवारा आणि निष्कर्ष वाचते आणि मधल्या भागात झोप येते. सुरुवात कुठून करावी?

झोप मलाही यायची. निष्कर्ष आधी वाचला की उरलेला पेपर आपण त्याच्याच बाजूने वाचतो, म्हणून मी गोषवारा शेवटी ठेवते. आधी पहिला तक्ता उघडा. अभ्यासात कोण लोक होते ते तिथे असतं : वय, आजाराची तीव्रता, सोबतचे आजार. मग पद्धतीच्या भागात दोनच गोष्टी शोधा, कुणाला वगळलं आणि तुलना कशाशी केली.

कोविडच्या काळातली ‘रिकव्हरी’ ही औषधांची चाचणी घ्या. डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने मृत्यू कमी होतात, ही २०२० मधली बातमी सगळीकडे पोचली. गटवार आकडे मात्र तितके पोचले नाहीत. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू नेहमीच्या उपचारांत ४१.४ टक्के होते, डेक्सामेथासोन दिलेल्यांत २९.३. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ आणि २३.३. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांच्यात १४ आणि १७.८. हा शेवटचा फरक योगायोगाचा असू शकतो, पण फायद्याची आशा धरावी असं त्यात काहीच नव्हतं. औषध तेच, डोस तोच, दिवसाला ६ मिलिग्रॅम. बदलला होता तो फक्त पेशंट. तरीही नुसता ताप-खोकला असलेल्यांना घरबसल्या स्टिरॉइड दिली गेलीच.

प्रश्न : ‘या गोळीने मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी होतो’, असं एका हार्ट पेशंटला सांगितलं. ते म्हणाले, ‘म्हणजे शंभरातले तीस वाचतात?’ मी गप्प झालो.

काकांनी नेमकं बोट ठेवलंय. हा आकडा बहुधा १९९४ च्या ‘फोर-एस’ चाचणीतला असावा. हृदयविकार असलेल्या ४,४४४ लोकांपैकी निम्म्यांना सिमव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध आणि निम्म्यांना डमी गोळी दिली होती. साधारण साडेपाच वर्षांत डमी गोळीच्या गटातले २,२२३ पैकी २५६ जण दगावले, औषधाच्या गटातले २,२२१ पैकी १८२. शेकड्यात मांडा : साडेअकरा आणि सव्वाआठच्या आत-बाहेर. तुमचे ३० टक्के हे त्या साडेअकराचे आहेत, शंभराचे नाहीत. खरा फरक शंभरात तीन-सव्वातीन जणांचा. उलटा हिशोब केला तर साधारण ३० जणांनी साडेपाच वर्षं गोळी घेतली की एक मृत्यू टळतो.

काकांना एवढं सांगा : ‘तुमच्यासारखा त्रास असलेले शंभर जण धरा. त्या अभ्यासात गोळीशिवाय साडेपाच वर्षांत अकरा-बारा जण गेले, गोळी घेऊन आठ. तुमचा नंबर कशात लागेल ते मला सांगता येणार नाही.’ पेशंट हे ऐकून घाबरतात, असा माझा अनुभव नाही. उलट पुढचे प्रश्न विचारतात.

एक पुस्ती जोडते. आज इतर उपचारही सुधारलेत, त्यामुळे मूळ धोकाच त्या साडेअकरापेक्षा कमी असू शकतो. हृदयविकार कधी झालाच नाही आणि धोका शंभरात दोनच आहे, अशा माणसाला तेच ३० टक्के लावा. एक आख्खा माणूससुद्धा भरत नाही. नुकसानीलाही हाच हिशोब लागतो. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये काही गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका ‘दुप्पट’ होतो म्हणून हाहाकार उडाला. दुप्पट म्हणजे सात हजारांत एकाऐवजी दोन.

प्रश्न : उपगटांच्या, म्हणजे अभ्यासातल्या लोकांचे छोटे गट पाडून केलेल्या, विश्लेषणावर विश्वास ठेवू नका, असं आमच्या मॅडम बजावतात. मग पेपर लिहिणारे ते छापतात कशाला?

मॅडमचं बरोबर आहे, आणि मी वर ‘रिकव्हरी’तले उपगटच वापरले, हेही तुमच्या लक्षात आलं असेल. १९८८ च्या ‘आयसिस-२’ चाचणीत हार्ट अटॅकच्या १७,१८७ रुग्णांमध्ये ॲस्पिरिनचा फायदा स्पष्ट दिसला. संशोधकांनी मग मुद्दाम राशींप्रमाणे गट पाडले. मिथुन आणि तूळ राशीवाल्यांत ॲस्पिरिन जरा अपायकारकच दिसलं! पुरेसे तुकडे केले की काहीही सापडतं, हे त्यांना दाखवायचं होतं. ‘रिकव्हरी’तले गट आधीच ठरवलेले होते, मोजकेच होते, आणि आजार जितका तीव्र तितका फायदा जास्त, असा त्यांत क्रम होता. गट निकाल बघण्याआधी ठरले की नंतर, हे पद्धतीच्या भागात लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर नंतर ठरले असं समजून चाला.

प्रश्न : राउंडवर सर म्हणतात, ‘पेपर राहू दे, माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.’ काय बोलणार?

राउंडवर काहीच बोलू नका. चहाच्या वेळी ‘कास्ट’ चाचणीचा विषय काढा. हार्ट अटॅकनंतर हृदयाचे जादा ठोके पडतात, ते औषधाने दाबले की माणूस वाचेल, हे तेव्हाच्या अनुभवी डॉक्टरांना पटलेलं होतं. ईसीजी खरंच सुधारायचा. पण १९९१ च्या अहवालानुसार एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ जण दगावले, आणि डमी गोळीवरच्या ७४३ पैकी २६. खाटेशी उभं राहून हा फरक कुणाला दिसला नसता, कारण असे रुग्ण तसेही दगावत असत. सरांचा अनुभव मात्र दुसरीकडे अमूल्य असतो : हा पेशंट गोळ्या घेणार की नाही, ते पेपर सांगत नाही.

प्रश्न : ७८ वर्षांच्या आजी, मधुमेह आहे, वरचं बीपी १४६. ‘स्प्रिंट’ चाचणीप्रमाणे १२० च्या खाली आणू का?

१२० च्या खाली आणून फायदा दिसला तो २०१५ च्या ‘स्प्रिंट’मध्ये. तिथे पंच्याहत्तरीपुढचे लोक होते, पण मधुमेही वगळले होते. त्याआधी २०१० च्या ‘अकॉर्ड’मध्ये मधुमेहींना १२० च्या खाली आणून मुख्य निकालात ठोस फायदा दिसला नव्हता. २०२४ मधल्या चीनच्या ‘बीप्रोड’मध्ये मात्र दिसला, फक्त तिथलं सरासरी वय ६४ च्या आसपास होतं. म्हणजे तुमच्या आजी या तिन्हींच्या कडेला उभ्या आहेत. शिवाय ‘स्प्रिंट’मध्ये रुग्णाला पाच मिनिटं शांत बसवून यंत्राने बीपी मोजायचे. तुमच्या ओपीडीत जिना चढून आलेल्या आजी बोलता बोलता बाही वर करतात, तो हा १४६. त्यांना बसवा, पाच मिनिटं जाऊ द्या, परत घ्या. मग उभं करून एकदा घ्या, आणि चक्कर येते का, कधी पडल्यात का ते विचारा. गोळी वाढवायची की नाही, ते त्यानंतर.