खारघरच्या माळावर पॉइंटर जातीच्या कुत्र्याचं आठ महिन्यांचं पिल्लू लावा पक्ष्यापुढे थबकतं, पण लगेच झेपावतं. काय करू?

पक्ष्याचा वास येताच थबकणं या जातीच्या रक्तातच असतं. शिकवायचं ते थांबून राहणं. या वयात झेप जाणारच, रागावू नका; माझी कुत्रीही तशीच होती. दहा मीटरची दोरी बांधा, वाऱ्याच्या उलट दिशेने चाला. पुढचा एक पाय उचललेला, शेपूट ताठ, नाकपुड्या थरथरतायत, अशा वेळी हाक मारू नका. दोरी धरून जवळ जा, पाठीवरून हळू हात फिरवा. खरा गुरू म्हणजे लावा पक्षीच. फार जवळ गेलं की भुर्रकन उडतो, मग पिल्लू लांबूनच थांबायला लागतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, म्हणून पाठलाग करू देऊ नका. पावसाळ्यात तिकडे नेऊच नका, लाव्यांची घरटी जमिनीवर असतात.