तंबूत राहून नॅशविल बघता येईल का?

प्रश्न: मेमधे लाँग वीकेंडला अटलांटाहून गाडीने टेनेसीतल्या नॅशविलला, म्हणजे कंट्री म्युझिकच्या माहेरघरी, जायचा विचार आहे, आम्ही दोघं, मुलं १३ आणि ९ वर्षांची, शिवाय भारतातून आलेले सासरे. हॉटेलचे रेट बघून तंबूच घ्यायचं ठरलं. पण कंट्री म्युझिकमधलं आम्हाला ओ की ठो कळत नाही, सासरे पक्के नाट्यसंगीतवाले, आणि लोक म्हणतात तिथे रात्री नुसते बार. मग जाण्यात अर्थ आहे का?

उत्तर: आहे की! फक्त रात्रीचं शहर बघायचा हट्ट सोडा.

आधी तंबूचं. शहरात घुसूच नका, अटलांटाहून आय-२४ ने येताना शहराच्या अलीकडेच पर्सी प्रीस्ट लेक लागतो, तिथे आर्मी कोअरचं (म्हणजे अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअर विभागाचं) सेव्हन पॉइंट्स कॅम्पग्राउंड आहे, पाणी-वीज असलेल्या साइट्स, डाउनटाउनला गाडीने साधारण अर्धा तास. रिक्रिएशन डॉट गव्हवर बुकिंग लगेच करा कारण लाँग वीकेंड म्हणजे सगळा टेनेसी तळ्यावर असतो. मेमधे वादळी पाऊस कधीही येतो, तंबूवरचा रेनफ्लाय "आज आकाश स्वच्छ आहे" म्हणून काढून ठेवू नका. (आम्ही ठेवला होता. असो.) आणि नॅशविलचं घड्याळ अटलांटाच्या एक तास मागे, त्यामुळे जाताना एक तास फुकट मिळतो, येताना तो परत द्यावा लागतो.

ब्रॉडवेवर, म्हणजे डाउनटाउनमधल्या बारच्या मुख्य रस्त्यावर, सकाळी जा, अकराच्या सुमारास. तिथल्या बारना हाँकीटाँक म्हणतात, तेव्हापासूनच बँड वाजत असतात, दिवसा बहुतेक ठिकाणी मुलांना घेतात आणि तिकीट नसतं. संध्याकाळनंतर मात्र बऱ्याच ठिकाणी २१ च्या आतल्यांना नो एंट्री. वाजवणारे मुख्यतः टिपवर जगतात, तेव्हा बादली फिरली की पाचाची नोट टाका, तीन-चार गाणी फुकट ऐकून उठू नका.

मग मागच्या गल्लीतून रायमन ऑडिटोरियम. १८९२ ची वास्तू, बांधली ती प्रवचनांसाठी! थॉमस रायमन म्हणून नदीत स्टीमर चालवणारा कॅप्टन होता, एका प्रवचनकाराला ऐकून असा काही भारावला की त्याने हे सभागृहच उभं करायला घेतलं. अजून चर्चसारखे लाकडी बाक आहेत, बसायला कडक, पण आवाज कसा घुमतो ते बघाच. सासऱ्यांना इथे जरा जास्त वेळ द्या, घाई करू नका.

आणि फिस्क युनिव्हर्सिटी चुकवू नका, पर्यटक तिकडे फारसे फिरकतच नाहीत याचं मला खरंच नवल वाटतं. गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी काढलेलं कॉलेज, पैशावाचून बंद पडायला आलेलं. तेव्हा १८७१ मधे नऊ विद्यार्थी गायला बाहेर पडले, त्यातले बरेचसे स्वतः गुलामगिरीत जन्मलेले, आणि आईबापांकडून ऐकलेली गाणी गात गात पार इंग्लंडला व्हिक्टोरिया राणीपुढे पोचले. त्या कमाईतून जुबिली हॉल बांधला, तो आजही उभा आहे, बाहेरून बघा. माझ्या मते या शहराची गोष्ट इथून सुरू होते, काउबॉय हॅट नंतरची.

आरसीए स्टुडिओ बी, जिथे एल्विसने २०० च्या वर गाणी रेकॉर्ड केली, त्याची तिकिटं कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम या म्युझियममधूनच मिळतात. वेळ असेल तर बघा, नसेल तर राहू दे.

आता शनिवारची रात्र. ग्रँड ओल ऑप्रीचं तिकीट पाच जणांना जड जाईल, नाही काढलंत तरी चालेल. ऑप्री मुळात कंट्री म्युझिकचा रेडिओचाच कार्यक्रम, १९२५ पासूनचा, एका विमा कंपनीच्या स्टेशनवर सुरू झालेला. स्टेशनचं नाव डब्ल्यूएसएम, म्हणजे "वुई शील्ड मिलियन्स", कंपनीची जाहिरातच! ते ६५० एएमवर अजून चालू आहे आणि शनिवारी रात्री ऑप्री लाइव्ह लागतं. तळ्याकाठी खुर्च्या टाका, गाडीची दारं उघडी ठेवा आणि ऐका, पूर्वी गावोगावचे लोक असेच रेडिओभोवती बसून ऐकायचे. फिडल (म्हणजे व्हायोलिनच) सुरू झालं की सासरे काय म्हणतात ते मला जरूर कळवा. दहाच्या आत आवाज बारीक करा, कॅम्पग्राउंडवाले त्याबाबतीत कडक असतात, आणि मधूनमधून इंजिन चालू करून घ्या नाहीतर सकाळी बॅटरी झोपलेली असेल आणि शेजारच्या तंबूत जंपर केबल मागत फिरावं लागेल.